पेपर हॉटेलात अन् पोट्ट्या घरात

आमच्या गावातल्या सातवीच्या एका पोट्टीच्या वहीत परवा एक शब्द वाचला अन् हसावं का डोकं आपटावं तेच कळेना. शब्द होता 'पैसेवारी', पुढे गोल गोल सुंदर अक्षरात अर्थ लिहिलेला, 'पैसे भरून केलेली पंढरपूरची वारी', आणि त्याखाली मॅडमच्या लाल पेनाची बरोबरची खूण. मॅडमला मी नावं ठेवत नाही, अख्ख्या वर्गाच्या वह्या, वरून रोजची ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशेब, त्यात कोण एकेक शब्द वाचत बसणार. पण ही पोट्टी ज्या घरची आहे त्या घरात दोन वर्षं सोयाबीन पाण्यात गेलंय, गावाची पैसेवारी (पीक किती पिकलं याचा सरकारी आकडा) किती निघते यावर तिच्या मोठ्या बहिणीची परीक्षा फी माफ होईल का नाही हे अवलंबून असतं, आणि तिला तो शब्द वारीचा वाटतो. आता शब्दसंग्रह वाढला का कमी झाला ते तुम्हीच सांगा.

शाळेतला तो उपक्रम तुमच्याकडेही असेल. रोज पेपर वाचायचा, पाच नवीन शब्द काढायचे, अर्थ लिहायचे, जमलं तर कात्रण चिकटवायचं, आणि ६ जानेवारीला पत्रकार दिनाला ज्याची वही जाड त्याला बक्षीस. कल्पना वाईट नाहीच. पेपर वाचल्यानं शब्द वाढतात हे मी पण मानते, माझे स्वतःचे तसेच वाढले. माझं भांडण आहे ते वहीशी. कारण पोरं अर्थ शोधतात मोबाईलवर, तिथं पहिलं जे दिसेल ते उतरवतात, आणि मोबाईलवर नाही सापडलं तर शब्दाकडे पाहून अंदाज मारतात. तो अंदाज बिचारा तसा हुशारीचा असतो, पैसे अधिक वारी, चुकलं कुठं?

मी ग्रामपंचायतीत संगणक ऑपरेटर आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव, फाट्यापासून तीन किलोमीटर आत. दाखले, उतारे, विम्याचे फॉर्म, निराधारचे कागद, दिवसभर लोक टेबलासमोर कागद घेऊन उभे राहतात आणि विचारतात, "ताई, हे काय लिवलं हाय?" अन् ही काही अडाणी माणसं नाहीत, दहावी-बारावी झालेली आहेत, अक्षर न् अक्षर वाचता येतं, पण वाक्य संपलं की चेहरा कोरा. म्हणून शब्दसंग्रह या विषयावर मी बोलते ते शिक्षणशास्त्र वगैरे शिकून नाही, टेबलाच्या अलीकडून रोज जे दिसतं त्यावरून.

तर ती पोट्टी रहिवासी दाखल्यासाठी आली होती, वही टेबलावर ठेवलेली, मी चाळली अन् तो पैसेवारीचा अर्थ मोठ्यानं वाचला. बाकड्यावर एक आबाजी बसले होते हयातीच्या दाखल्यासाठी (दरवर्षी जिवंत असल्याचं सिद्ध करायला येतात, दरवर्षी त्यावर तोच जोक करतात). ते म्हणाले, "नाही वं माय, वारी नोहे थे. शेत सोया (सोळा) आने पिकलं म्हंजे पुरं पिकलं, रुपयाले रुपया. आठ आन्याच्या खाली गेलं का दुष्काय. पयले आनेवारी म्हनत, मंग पैसे आले तं पैसेवारी झाली." दोन मिनिटं पण लागली नाहीत. पोट्टीनं बोटावर काहीतरी मोजलं अन् लगेच विचारलं, "मंग आपल्या गावचं किती निंगालं?"

हा जो प्रश्न तिनं विचारला ना, माझ्या मते शब्द कळला याची परीक्षा तीच. मग मी तिला पेपरमधली ती बातमी परत काढून दाखवली. आधी नजरअंदाज पैसेवारी येते, मग सुधारित, मग डिसेंबरच्या शेवटी अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर सवलतींचा विषय निघतो, जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ. आणि तिथंच खाली दुसरा शब्द होता, 'दुष्काळसदृश'. आबाजी म्हणाले हे काय नवं? मी म्हटलं दुष्काळासारखं, पण दुष्काळ नाही. ते म्हणाले, "म्हंजे मेल्यासारखा, पन मेला नाही, माह्यासारखा." शिकवून शिकवून 'सदृश' यापेक्षा चांगलं कोणी शिकवू शकेल असं मला वाटत नाही.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं की पेपरातला शब्द पोराला एकट्यानं वाचून कळत नाही, ज्याच्या अंगावर तो शब्द येतो असा माणूस शेजारी बसलेला लागतो. पेपर आणि तो माणूस एका ठिकाणी आणायचे हे खरं काम आहे. आणि आपल्या गावांत ते दोन्ही एका ठिकाणी असतात पण! कुठं? हॉटेलात. चहाच्या हॉटेलात नाहीतर पानठेल्यावर. सकाळी गठ्ठा फाट्यावर पडतो, कोणीतरी गाडीवर आणतो, सात-साडेसातपर्यंत पेपर हॉटेलच्या बाकड्यावर. एकच अंक पण पानं सुटी करून चार जण चार कोपऱ्यात वाचतात, एक जण मोठ्यानं वाचतो, दुसरा शिव्या घालतो, तिसरा मागच्या वर्षीचं सांगतो. कापसाचा हमीभाव, सीसीआयचं (सरकारी कापूस खरेदीचं) केंद्र कधी उघडणार, कोणाच्या मोटरसायकलला कुठं उडवलं, सगळ्यावर चर्चा. पोट्टे बापासोबत, काकासोबत तिथं जाऊन उभे राहतात, कानावर पडतं. पोट्टी तिथं जाऊ शकते का? चहा आणायला पण पाठवत नाहीत. मग त्याच गावात, त्याच शाळेत, एकाच वर्गात बसणाऱ्या भावाला 'हमीभाव', 'प्रतवारी', 'खेडा खरेदी' माहीत असतं आणि बहिणीला ते गाइडात वाचावं लागतं. पोरी मार्कांत पुढे असतात म्हणून हा फरक निकालात दिसत नाही. माझ्या टेबलासमोर दिसतो, जेव्हा तीच पोरगी पाच-दहा वर्षांनी सून म्हणून कुठंतरी कागदावर सही करायला उभी राहते.

आता काही लोक म्हणतील (आमचे एक सर म्हणालेच) की ताई, पेपर पोरांच्या हातात दिला की झालं, वाचता वाचता कळतंच. नाही कळत सर. न्यूझीलंडचे पॉल नेशन म्हणून भाषातज्ज्ञ आहेत, माणूस शब्द कसे शिकतो यावरच त्यांचं सगळं काम. त्यांचं म्हणणं असं की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा असेल तर शंभरातले ९८ शब्द आधीच ओळखीचे पाहिजेत, म्हणजे पन्नास शब्दांमागं एखादाच नवा असेल तर तो पोरगं आजूबाजूच्या शब्दांवरून पकडतं. आणि इंग्रजी पेपर असा वाचायला त्यांच्या हिशेबानं आठ-नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द अन् त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ) माहीत लागतात. हे इंग्रजीचं गणित आहे मान्य, पण शाळा सुटल्यावर पंचायतीच्या ओसरीवर माझ्याकडे पेपर वाचायला बसणाऱ्या आमच्या पोरींना मी मराठी पेपरचीच बातमी देऊन पाहिली, म्हटलं नाही कळला त्या शब्दाला पेन्सिलनं गोल करा, तर बातमीच्या अंगावर गोवर उठल्यासारखी दिसायला लागली. 'अनुषंगाने', 'तत्पूर्वी', 'निदर्शनास', 'प्रस्तावित', 'संबंधित', 'उक्त'. एवढे खड्डे असलेल्या रस्त्यावर कोण अंदाजानं गाडी चालवणार. आणि हे झालं वाचता येणाऱ्या पोरींचं. गावागावांत पोरांचं वाचन तपासणाऱ्या असर पाहणीच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातली पाचवीची ४२.८ टक्केच पोरं दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकत होती. त्यांच्या हातात अग्रलेख देऊन काय होणार आहे, पुड्या बांधायच्या?

बरं यात आणखी एक भानगड आहे जी पुण्या-मुंबईच्या लोकांच्या लक्षात येत नाही. आमच्या पोरीला जो शब्द पेपरात 'कठीण' वाटतो ती वस्तू तिला चांगली माहीत असते, फक्त दुसऱ्या नावानं. पेपर लिहितो 'कपाशी', ती म्हणते पऱ्हाटी. पेपर लिहितो 'आंतरमशागत', तिच्या घरी डवरणी अन् निंदण. पेपरचा 'बांध' तिचा धुरा, पेपरचा 'भुसा' तिचं कुटार. 'आर्द्रता' हा शब्द तिच्या वहीत मी पाहिला, अर्थ लिहिला होता 'हवेतील बाष्पाचे प्रमाण', पुस्तकातला, बरोबर आहे. पण तिचा बाप मागच्या हंगामात कापसाची गाडी घेऊन केंद्रावर गेला आणि बारा टक्क्यांच्या वर आर्द्रता म्हणून गाडी परत आली, हे तिला माहीत होतं, घरी दोन दिवस तेच चाललं होतं, फक्त घरी सगळे 'ओल' म्हणत होते. ओल आणि आर्द्रता ही एकच गोष्ट आहे हे तिला कोणी सांगितलंच नाही. सांगितल्यावर तिचा चेहरा असा झाला की जणू वर्गातली दूरची वाटणारी कोणी आपली मामेबहीण निघाली.

म्हणून मी म्हणते वहीत दोन रकाने करा, एका बाजूला पेपरचा शब्द, दुसऱ्या बाजूला घरचा. हे काही मी शोधून काढलेलं नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र, तेच दोन रकान्यांचं होतं, एकात मराठी एकात इंग्रजी, शेजारी शेजारी. दोन भाषांच्या लोकांना एकमेकांचं कळावं म्हणून त्यांनी तेव्हा केलं ते आम्हाला वऱ्हाडी अन् प्रमाण मराठीसाठी करायला काय हरकत आहे? पण आमच्याकडे वऱ्हाडी शब्द वहीत दिसला की लाल गोल, 'शुद्ध लिहा'. अरे मराठीतला सगळ्यात जुना मानला जाणारा गद्यग्रंथ ज्या रिद्धपूरशी जोडलेला आहे ते आपल्या अमरावती जिल्ह्यात आहे, मराठी भाषेचं विद्यापीठ पण तिथंच झालं, २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा शाळाशाळांत पेढे वाटले, आणि पोरीनं 'धुरा' लिहिलं की अशुद्ध. शब्दसंग्रह वाढवायचा म्हणता आणि असलेला खोडता, हे कोणतं गणित?

पेपरवाल्यांबद्दल पण बोलावं लागेल, कारण मी काही पेपरची आरती करायला बसलेली नाही. पेपरची भाषा आता अशी झालीय की निम्मे शब्द नुसते सवयीनं पडतात. शेतकरी म्हटलं की बळीराजा, बळीराजा म्हटलं की हवालदिल. कार्यक्रम असला की मान्यवरांची मांदियाळी, काही झालं की एकच खळबळ. पोरं ते जसंच्या तसं उचलतात. एकानं क्रीडा संमेलनाच्या निबंधात लिहिलं की 'खो-खोच्या अंतिम सामन्याने परिसरात एकच खळबळ उडाली'. आणि आमच्याकडच्या एका पोट्टीनं घरी जाऊन बापाला विचारलं, बाबा तुम्ही हवालदिल आहात का? तो म्हणाला, "मी कायचा हवालदिल, मी तं बेजार हावो." आता सांगा कोणता शब्द जास्त खरा. पेपरातल्या शहरी माणसाला बेजार लिहिता येत नसेल असं नाही, पण सवय. म्हणून पोरींना मी हेही सांगते की पेपरातला प्रत्येक शब्द उचलायचा नसतो, काही नुसते ओळखून सोडून द्यायचे.

काही शब्द मात्र मुळातूनच उलटे. तेव्हा एक रुपयात पीकविमा होता, २०२३ अन् २०२४ चा खरीप. पेपरात रोज चौकट यायची, नुकसान झाल्यापासून ७२ तासांत पूर्वसूचना द्या. एक काका आले, शेतात गुडघाभर पाणी, चौथा दिवस. मी म्हटलं काका तीन दिवसांत का नाही केलं? ते म्हणाले पेपर वाचला होता, 'पूर्वसूचना' लिहिलं होतं, पूर्व म्हणजे आधी, आता पाऊस येण्याच्या आधी मी कशी सूचना देणार होतो, मला वाटलं आपली वेळ गेली. बारावी पास माणूस. त्यानं शब्द चुकीचा वाचला नव्हता, शब्दच चुकीचा होता, नुकसान झाल्यावर द्यायच्या सूचनेला पूर्वसूचना म्हणायचं हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. त्याचे पैसे गेले ते गेले. मी ती चौकट कापून ठेवलीय अन् पोरींना पहिल्याच आठवड्यात दाखवते, आणि सांगते की शब्दाचा अर्थ लावला तरी विचारून घ्यायचं, कागदावरचा अर्थ अन् डिक्शनरीतला अर्थ दरवेळी एक नसतो.

माझंच उदाहरण घ्या. लागले तेव्हा घरी सांगितलं मला पगार सुरू झाला. पुढं पेपरात आमच्या आंदोलनाची बातमी आली, 'संगणक परिचालकांचे मानधन रखडले', तेव्हा मला कळलं की मला पगार नाही, मानधन आहे. फरक काय म्हणाल तर वेतन म्हटलं की श्रेणी आली, पेन्शनचं भांडण आलं, सुट्टीचा हक्क आला, आणि मानधन म्हटलं की कोणीतरी मान देऊन धन दिलं, कधी दिलं तेव्हा दिलं. अंगणवाडी सेविकेला मानधन, आशाताईला तर कामागणिक 'मोबदला'. वेतन, मानधन, मोबदला, तीन शब्द, एकाच गावात एकाच उन्हात फिरणाऱ्या तीन बाया. परीक्षेत हे समानार्थी शब्द म्हणून विचारतात अन् पोरी लिहितात पण! चार मार्क मिळतात. मला हे समानार्थी नाहीत हे समजायला सहा वर्षं लागली.

आमच्या भागाचा तर अख्खा इतिहास एका शब्दात आहे, अनुशेष. विदर्भात असा महिना जात नाही की सिंचनाचा अनुशेष पेपरात नसतो. १९८३ साली सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती नेमली, कोणता भाग किती मागं राहिला ते मोजायला, पुढच्या वर्षी अहवाल आला, तेव्हापासून हा शब्द आमच्या मानगुटीवर बसलाय. पोरींना सांगितलं की भागाकारात खाली उरतो तो शेष, तोच हा. एकीनं लगेच म्हटलं, ताई म्हणजे भाग जात नाही तो. बरोबर. आणि पूर्व विदर्भाच्या पानावर 'मामा तलाव' आला की सगळ्या हसतात, कोणाचा मामा? तर माजी मालगुजारी, मा आणि मा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे जुन्या मालगुजारांचे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचे, तलाव. हसल्या पण विसरणार नाहीत.

आता अवघड जागेचं बोलते. पालक म्हणतात पेपरात असतं काय, खून, मारामाऱ्या अन् घाण, पोरींना कशाला वाचायला लावता. सुरुवातीला मी पण ती पानं घडी करून ठेवायची. पण घडी उघडली जातेच. एकीनं विचारलं, "ताई, अत्याचार म्हंजे मारनं का?" कारण वर बातमी होती बालिकेवर अत्याचार अशी. काय सांगू? मराठी पेपर बलात्कार लिहायला लाजतात, अत्याचार लिहितात, अतिप्रसंग लिहितात, विनयभंगात तर भंग होतो तो पोरीचा विनय, करणाऱ्याचं काहीच भंगत नाही. पोरीला नेमका शब्दच माहीत नसेल तर उद्या तिच्यावर वेळ आली तर ती कोणाला काय सांगेल? पॉक्सो, म्हणजे पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, पेपरात रोज येतो, पोरींना वाटायचं तो कुठला तरी व्हायरस आहे. मी दार लावून अर्धा तास त्यांना साध्या शब्दांत सांगितलं, अंगाला कुठं हात लावला तर त्याला काय म्हणतात, कोणाला सांगायचं, १०९८ हा पोरांच्या मदतीचा नंबर कधी लावायचा. हा त्या वर्षातला सगळ्यात कामाचा शब्दसंग्रह होता अन् तो कोणाच्याच वहीत नाही.

आणि एकदा मी अडचणीत पण आले. पेपरमध्ये मागच्या पानांवर बारीक अक्षरात जाहीर नोटीस असतात, तमाम जनतेस कळविण्यात येते की वगैरे. मला वाटतं पोरांच्या शब्दसंग्रहासाठी अग्रलेखापेक्षा ही जागा बरी, छोटा मजकूर, तेच तेच शब्द रोज परत परत येतात म्हणून डोक्यात बसतात, आणि शेवटी एक तारीख असते जिच्या आत कोणी बोललं नाही तर विषय संपतो. हरकत, बोजा, निर्वेध, वहिवाट, हक्कसोडपत्र. शेवटच्या शब्दावर पोरी थांबल्या. मी सांगितलं, २००५ पासून कायद्यानं पोरीला बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत भावाइतकाच वाटा आहे, आणि तो वाटा सोडल्याचा जो कागद बहिणीकडून सही करून घेतात त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. यात मी माझं काही घातलं नाही, फक्त अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी एका पोट्टीचा चुलता टेबलावर आला, "ताई, पोट्टीले दाखल्याचं सांगा, जमिनीचं काहाले सांगता?" मी म्हटलं भाऊ, पेपरात छापून आलंय, मी छापलं नाही. पोट्टी पंधरा दिवस आली नाही. मग आली, काही बोलली नाही, तिच्या जागेवर बसली. मला तेव्हा वाटलं की शब्दसंग्रह शब्दसंग्रह आपण फार गोड गोष्ट असल्यासारखं बोलतो, सुविचाराच्या फळ्यासारखं, पण खरा शब्द कळला की घरात कोणाला तरी टोचतोच.

मोबाईलचं विचाराल तर ई-पेपर, ग्रुपवर येणारी पीडीएफ, सगळं आहे, मी नाकारत नाही. पण मोबाईल घरात एक, तो भावाकडे, आणि त्यावर बातमी म्हणून येतं ते दोन ओळींचं अन् वर लाल अक्षर. मोठ्यानं वाचायला कोणी चार जणी मोबाईलभोवती बसत नाहीत. कागदाचा पेपर पसरला की आपोआप बसतात, उलट्या बाजूनं पण वाचतात. पोलीस भरती, तलाठी भरतीवाले पोट्टे अभ्यासिकेत चालू घडामोडी पाठ करतात, योजना कोणत्या साली सुरू झाली ते फाडफाड सांगतात, त्यातल्या एकाला मी विचारलं 'तरतूद' म्हणजे काय रे, तर म्हणे पर्यायात असेल तर सांगतो.

आम्ही करतो ते एवढंच. चारला शाळा सुटली की आठ-दहा पोरी पंचायतीच्या ओसरीवर, एक जण मोठ्यानं वाचते, अडली की थांबते, आणि जो कोणी म्हातारा, बाई, आशाताई, लाइनमन तिथं कामाला आलेला असेल तो सांगतो. लाइनमनकडून 'भारनियमन' शिकलो, तो म्हणाला भार तुमचा, नियम आमचा. माहीत नसेल तर कोणालाच माहीत नाही हेही कळतं, ते पण वाईट नाही. रोज जमतं असं नाही, पावसात पेपरच येत नाही, कापूस वेचायला सुरुवात झाली की अर्ध्या पोरी शेतात, आणि शिकलेले शब्द दोन महिन्यांत विसरतात पण, हे सांगितलं पाहिजे, कोणाला जादू वाटायला नको.

माझं म्हणणं साधं होतं की पंचायतीनं दोन पेपर लावावेत, एक शाळेत, एक ओसरीवर, हॉटेलातला हॉटेलात राहू द्या. एका पेपरचा वर्षाचा खर्च दीड-दोन हजार. तेवढ्याचा तर सत्काराला हार-नारळ लागतो. शेजारच्या गावात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालचं 'ड' वर्गाचं वाचनालय आहे, तिथं पेपर येतात, पण कुलूप तपासणीच्या दिवशी उघडतं, म्हणून मी म्हटलं वाचनालय नको, नुसता पेपर लावा. आणि हा आपला यवतमाळ जिल्हा आहे, लोकनायक बापूजी अण्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी इथून 'लोकमत' नावाचं साप्ताहिक चालवलं, तेव्हा रस्ते नव्हते, लाइट नव्हती, वाचता येणारे बोटावर मोजण्याइतके, तरी लोकांनी वाचलं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एका सदस्यताईंनी विषय मांडला. दोघं-तिघं बरं म्हणाले, एक जण म्हणाला आधी नाली करा. इतिवृत्त टाइप करायचं काम माझंच असतं, त्यामुळं मीच टाइप केलं, 'सदर विषय विचाराधीन ठेवण्यात आला'. संध्याकाळी पोरींनी ते माझ्या टेबलावर वाचलं अन् विचारलं विचाराधीन म्हणजे होणार का?

मी म्हटलं २ ऑक्टोबरच्या सभेत पाहू. तोपर्यंत एक पेपर माझ्या मानधनातून चालू आहे, मानधन येईल तेव्हा पेपरवाल्याचं बिल देते, तो पण सवयीचा झालाय. शिळे गठ्ठे कपाटात वर्षवार ठेवलेत, वेचणीवरून पोरी परत आल्या की लागतात, फक्त शिपाई त्यातला एखादा काढून नाश्त्याला अंथरतो, त्याला सांगून सांगून थकले.